रिचर्ड बाँगला शिकवू द्यायला हवं होतं

12 डिसेंबर 1944 रोजी फिलिपिन्समधल्या लेटे बेटावर, टॅक्लोबानच्या धावपट्टीवर, जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी एका चोवीस वर्षांच्या मेजरला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, प्रदान केलं. मेजरचं नाव रिचर्ड आयरा बाँग. शत्रूची चाळीस विमानं त्याच्या नावावर लागली आणि आजवर एकाही अमेरिकी वैमानिकाला तो आकडा ओलांडता आलेला नाही. पदकासोबतचं मानपत्र मात्र चाळीस विमानांविषयी नाही. त्यात म्हटलं आहे की बाँगची नेमणूक नेमबाजीचा शिक्षक म्हणून झाली होती, लढाईत उतरणं त्याच्यावर बंधनकारक नव्हतं आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही नव्हती. तरीही स्वतःच्या आग्रहाने तो पुन्हापुन्हा मोहिमांवर गेला आणि 10 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर या काळात त्याने आठ विमानं पाडली.

हे मानपत्र वाचताना मी दर वेळी त्या पहिल्या अर्ध्या भागापाशी अडतो. सैन्याने एका माणसाला शिक्षक नेमलं. त्या माणसाने शिकवण्याऐवजी लढाई पत्करली. आणि सैन्याने त्याला त्याबद्दलच देशाचा सर्वांत मोठा सन्मान दिला. बाँगच्या शौर्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्याच्या वरिष्ठांनी आणि देशाने त्याच्या कौशल्याचं जे केलं, ते मात्र चुकलं असं माझं ठाम मत आहे. सगळ्यांत निष्णात माणसाचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक सैन्यापुढे येतो. खरं तर प्रत्येक इस्पितळापुढे, प्रत्येक शाळेपुढे येतो. त्याला शेवटपर्यंत राबवायचं, की त्याच्याकडचं ज्ञान काढून शंभर हातांत द्यायचं? बाँगच्या बाबतीत अमेरिकेला योग्य उत्तर माहीत होतं. आकड्याच्या मोहापायी तिने ते तीनदा हातचं घालवलं.

बाँग विस्कॉन्सिनमधल्या पॉप्लर नावाच्या खेड्यातला. जन्म 24 सप्टेंबर 1920. वडील लहानपणी स्वीडनहून आलेले, घरी शेती, नऊ भावंडांत हा थोरला. 1928च्या उन्हाळ्यात अध्यक्ष कूलिज त्या भागात सुट्टीला आले होते. त्यांची टपाल नेणारी विमानं बाँगच्या शेतावरून जायची आणि तिथूनच या पोराच्या डोक्यात उडण्याचं वेड शिरलं. सुपीरियरच्या अध्यापक महाविद्यालयात शिकताना त्याने नागरी वैमानिक प्रशिक्षणात नाव घातलं, 1941च्या मे महिन्यात सैन्यात भरती झाला आणि जानेवारी 1942मध्ये अधिकारी झाला. ॲरिझोनातल्या ल्यूक फील्डवर काही काळ तो शिक्षकही होता. म्हणजे शिकवणं त्याला परकं नव्हतं.

पुढे कॅलिफोर्नियात लॉकहीडचं पी-38 लाइटनिंग हे दोन इंजिनांचं लढाऊ विमान त्याच्या हाती आलं. जूनमध्ये सॅन अन्सेल्मो गावात, नुकतंच लग्न झालेल्या एका सहकाऱ्याच्या घरावरून त्याने विमान इतकं खाली नेलं की प्रकरण थेट जनरल जॉर्ज केनी यांच्यापर्यंत गेलं. त्याच्यावर उड्डाणबंदी आली आणि त्याची तुकडी इंग्लंडला रवाना झाली तेव्हा तो मागे राहिला. केनी यांना नैऋत्य पॅसिफिकमध्ये मॅकआर्थर यांच्या हाताखालचं हवाई दल सांभाळायला पाठवलं गेलं, तेव्हा ज्या पोरांना आपल्याकडे घ्यायचं ठरवलं त्यांत हा खोडकर पोरगा होता. पुढच्या दोन वर्षांत बाँगच्या आयुष्यातले जवळजवळ सगळे निर्णय केनी यांनीच घेतले.

27 डिसेंबर 1942 रोजी न्यू गिनीत बुनावर बाँगने पहिली दोन विमानं पाडली. जानेवारी संपायच्या आत पाच पूर्ण करून तो एस, म्हणजे पाच किंवा अधिक विमानं पाडणारा वैमानिक, झाला. 26 जुलै 1943 रोजी लाए परिसरात एकाच चकमकीत चार लढाऊ विमानं पाडली, त्याबद्दल डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. नोव्हेंबरमध्ये सुट्टीवर घरी गेला असता मार्जोरी वॅटेनडाल या मुलीशी ओळख झाली. परतल्यावर त्याने आपल्या विमानाच्या नाकावर तिचा मोठा फोटो लावला आणि विमानाला नाव दिलं ‘मार्ज’.

त्याच्या लढण्याच्या पद्धतीविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि माझ्या मते ती या विषयाची किल्ली आहे. आपला नेम वाईट आहे, असं बाँग स्वतः म्हणायचा. म्हणून तो लक्ष्याच्या अगदी जवळ जायचा. इतका जवळ, की स्फोट झालेल्या विमानाच्या तुकड्यांमधून त्याचं विमान पार होत असे, आणि एकदा तर तो लक्ष्यावरच आदळला. पी-38च्या नाकात चार मशीनगन आणि एक 20 मिलिमीटरची तोफ सरळ रेषेत बसवलेली होती. पंखांत तोफा असलेल्या विमानांना गोळ्या ठरावीक अंतरावर एकत्र याव्यात अशी जुळवणी करावी लागे. लाइटनिंगला ती अडचण नव्हती. अगदी जवळून सोडलेला सगळा मारा एकाच जागी लागायचा. बाँगने आपल्या विमानाची ताकद आणि आपली उणीव यांचा मेळ घातला होता. शत्रूच्या चपळ विमानाशी वळणावळणाच्या झटापटीत न अडकता, उंचीवरून वेगाने खाली यायचं, जवळून मारायचं, निघून जायचं. या पद्धतीला जन्मजात नजर, देवाची देणगी असलं काही लागत नव्हतं. ही पद्धत समजावून सांगता येत होती. फळ्यावर आकृती काढून, मग दोन विमानं हवेत नेऊन दाखवता येत होती. नेम बेताचा असलेला माणूस देशातला सर्वांत यशस्वी लढाऊ वैमानिक कसा झाला, हे नवख्या पोरांना दुसऱ्या कुणापेक्षाही त्याच्याच तोंडून ऐकायला हवं होतं.

पण 1944च्या वसंतात नैऋत्य पॅसिफिकमध्ये सगळ्यांचं लक्ष एका आकड्याकडे लागलं होतं: 26. पहिल्या महायुद्धात एडी रिकनबॅकर यांनी तेवढे विजय मिळवले होते. तो विक्रम जो मोडेल त्याला आपण व्हिस्कीची पेटी देऊ, असं रिकनबॅकर यांनीच जाहीर केलं होतं. शर्यतीत तिघंचौघं होते. कर्नल नील कर्बी हे थंडरबोल्ट हे लढाऊ विमान उडवणारे, ऑक्टोबर 1943मध्ये न्यू गिनीतल्या वेवाकवर एका उड्डाणात सहा विमानं पाडून मेडल ऑफ ऑनर मिळवलेले अधिकारी. त्यांच्या आणि बाँगच्या आकड्यांत फार थोडं अंतर होतं. 5 मार्च 1944 रोजी वेवाकच्या परिसरात कर्बी मारले गेले, नावावर 22 विमानं असताना. त्याच आठवड्यात बाँगचा जोडीदार लेफ्टनंट कर्नल टॉम लिंच, 20 विमानांचा मानकरी, आयटापेजवळ जहाजांवर अगदी कमी उंचीवरून हल्ला करताना तोफांच्या माऱ्यात सापडला आणि बाँगच्या डोळ्यांदेखत गेला. कर्बी आणि लिंच दोघेही मुख्यालयात नेमलेले होते. रोजच्या मोहिमा त्यांच्यावर बंधनकारक नव्हत्या. दोघांकडे एका संपूर्ण विभागाला शिकवता येईल इतका अनुभव होता. एका आठवड्यात तो सगळा संपला.

12 एप्रिल रोजी बाँगने विक्रम मोडला. केनी यांनी त्याला मेजर केलं आणि तडक घरी पाठवलं. हा निर्णय योग्य होता आणि त्याचं श्रेय केनी यांना द्यायलाच हवं. घरी गेल्यावर त्या कौशल्याचं काय झालं पाहा. प्रशिक्षण तळांना भेटी झाल्या, हे खरं. पण त्याच्या जोडीला पंधरा राज्यांमधून युद्धरोख्यांच्या विक्रीसाठी दौरा होता. सभा, हारतुरे, छायाचित्रं, भाषणं. आणि हा लाजाळू शेतकऱ्याचा पोर व्यासपीठावर उभा. मग सप्टेंबरमध्ये परत, या वेळी पाचव्या फायटर कमांडमध्ये प्रगत नेमबाजीचा शिक्षक म्हणून. हुकूम असा होता की मोहिमांवर जाता येईल, पण मुद्दाम लढाई शोधायची नाही. आता हा हुकूम कसला? मोहिमेवर जायला मोकळीक असलेल्या एसला शत्रू दिसल्यावर तोंड फिरवायला सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, शिक्षक या पदावर असताना, बाँगने बारा विमानं पाडली. चाळीसमधली बारा. केनी यांनी थांबवलं नाही, मॅकआर्थर यांनी पदक दिलं, आणि 17 डिसेंबरला चाळीसावं विमान पडल्यावर मगच ‘आता पुरे’ असा निर्णय झाला. चाळीस हा गोल आकडा होता, म्हणून. लष्करी दृष्टीने एकोणचाळीस आणि चाळीस यांत काय फरक?

पलीकडच्या बाजूने याच प्रश्नाचं जे उत्तर दिलं, ते फार भयंकर होतं. जपानी नौदलाचे युद्धापूर्वीचे वैमानिक जगातल्या उत्तमांपैकी होते. निवड इतकी कडक की शेकड्यांनी अर्ज यायचे आणि मूठभर पोरं बाहेर पडायची. या मूठभरांना लढाईतून परत आणायची काही व्यवस्थाच नव्हती. मरेपर्यंत, जायबंदी होईपर्यंत किंवा तापाने लोळेपर्यंत उडायचं. मिडवेच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या, पण तिथे मेलेले हवाई कर्मचारी सुमारे 110 होते. खरा ऱ्हास त्यानंतर सॉलोमन बेटांवर झाला. राबाउलच्या जपानी तळावरून ग्वाडलकनाल बेटापर्यंत हजारेक किलोमीटर जायचं, लढायचं, तेवढंच परत यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. साबुरो साकाई 7 ऑगस्ट 1942 रोजी ग्वाडलकनालवर डोक्यात गोळी लागूनही अर्धवट आंधळ्या अवस्थेत विमान राबाउलला घेऊन आले. एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली, आणि तेव्हा कुठे त्यांना शिक्षक म्हणून मायदेशी नेमलं गेलं. लढण्याच्या कामाचा राहिला नाही तो शिकवायला, अशी ती रीत. हिरोयोशी निशिझावा हा जपानचा अग्रगण्य एस ऑक्टोबर 1944मध्ये एका मालवाहू विमानात प्रवासी म्हणून बसलेला असताना मारला गेला. मधे काही काळ त्याला मायदेशी शिकवायला नेमलं होतं, पण तिथून तो पुन्हा आघाडीवर आला होता.

त्याचा परिणाम 19 जून 1944 रोजी मारियाना बेटांजवळ दिसला. जपानच्या नव्या, अर्धकच्च्या वैमानिकांनी अमेरिकी ताफ्यावर लाटांमागून लाटा सोडल्या. त्या एका दिवसात जपानची तीनशेहून अधिक विमानं गेली. अमेरिकेची तिसाच्या आसपास. या पोरांना शिकवू शकले असते असे बहुतेक लोक दोन वर्षांपूर्वीच सॉलोमनच्या समुद्रात बुडाले होते.

जर्मनीची गोष्टही फार वेगळी नाही. एरिक हार्टमानच्या नावावर 352 विमानं आहेत, बाँगच्या जवळजवळ नऊपट. त्याने चौदाशेच्या वर उड्डाणं केली, कारण त्याला थांबू द्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. एसच्या याद्यांमध्ये जर्मन नावं पहिल्या शंभरांत ओळीने येतात, आणि अनेक वाचक ती पाहून जर्मन वैमानिक श्रेष्ठ होते असा निष्कर्ष काढतात. मला त्या याद्यांत एका हरत जाणाऱ्या देशाची हतबलता दिसते. जो देश आपल्या उत्तम माणसांना इतकं उडवतो, त्याच्याकडे पुढची फळी तयार करायला कुणी शिल्लक नसतं. हार्टमानचा आकडा जसा वाढत गेला, तसतसे त्याच्या शेजारी उडणारे वैमानिक अधिकाधिक कोवळे आणि कमी शिकलेले होत गेले.

आता आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. वैमानिकांना घरी बोलावणं ही श्रीमंत देशाची चैन होती. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने 1939 ते 1945 या काळात एक लाख नव्वद हजारांहून अधिक वैमानिक तयार केले. पेट्रोलची ददात नव्हती, शत्रूची बाँबफेक नव्हती, टेक्सास आणि ॲरिझोनाचं निरभ्र आकाश होतं. जपानकडे तेल कुठे होतं? हे सगळं खरं आहे. पण जपानची निवड तेलाच्या टंचाईच्या आधीची आहे. 1942मध्ये तेल होतं, वैमानिक होते, आणि तरी त्यांना परत आणलं गेलं नाही. 1943च्या एप्रिलमध्ये अॅडमिरल यामामोतो यांनी विमानवाहू नौकांवरचे हवाई गट उचलून राबाउलहून होणाऱ्या हल्ल्यांत झोकून दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा तेच झालं. पैसा नव्हता म्हणून हे घडलं नाही. निष्णात माणूस म्हणजे आघाडीवर वापरायचं हत्यार, ही धारणा त्यामागे होती. आणि श्रीमंतीने सगळे प्रश्न सुटत असते, तर अमेरिकेत मायभूमीवरच्या प्रशिक्षणात सुमारे पंधरा हजार हवाई कर्मचारी अपघातांत मेले नसते. शत्रूची एक गोळीही न लागता गेलेली ही पंधरा हजार पोरं. चांगल्या शिक्षकांची उणीव किती होती याचा याहून मोठा पुरावा कुठला द्यायचा?

शिकवण्याने काय साधतं याची उदाहरणं बाँगच्याच युद्धात आहेत. नौदलाचे जिमी थॅच यांनी युद्ध सुरू व्हायच्या आधीच, घरच्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून, झीरो या चपळ जपानी विमानाविरुद्ध वापरायची एक चाल रचली. दोन विमानांनी एकमेकांकडे वळत राहायचं, म्हणजे एकाच्या पाठीवर बसलेला शत्रू दुसऱ्याच्या तोफेसमोर येतो. मिडवेला ती त्यांनी स्वतः वापरून पाहिली. नंतर त्यांना आघाडीवरून काढून शिक्षणाच्या कामावर लावलं; तिथे त्यांनी शिकवलं आणि प्रशिक्षणाचे चित्रपट केले. थॅच यांच्या नावावर सहा विमानं आहेत. त्यांनी शिकवलेल्या चालीमुळे किती वैमानिक जिवंत परतले, याची नोंद कुठल्याच यादीत नाही. वाइल्डकॅटसारखं झीरोपेक्षा मंद विमान घेऊन अमेरिकी नौदल 1942चं वर्ष तगून गेलं, त्यात या चालीचा वाटा फार मोठा आहे.

दुसरं उदाहरण तर बाँगच्या अंगणातलंच आहे. 1944च्या उन्हाळ्यात चार्ल्स लिंडबर्ग, एकट्याने अटलांटिक ओलांडणारे, तेव्हा सैन्यात नसलेले, नैऋत्य पॅसिफिकमध्ये आले आणि 475व्या फायटर ग्रुपबरोबर पी-38 उडवू लागले. त्यांच्या विमानात उड्डाण संपल्यावर इतरांपेक्षा कितीतरी जास्त इंधन उरतं, हे जमिनीवरच्या मेकॅनिकांच्या लक्षात आलं. इंजिनाचे फेरे कमी ठेवायचे, दाब वाढवायचा, मिश्रण पातळ करायचं, ही त्यांची पद्धत. असं केल्याने इंजिन बिघडेल अशी वैमानिकांना भीती होती. लिंडबर्ग यांनी ती बैठका घेऊन, समजावून, सोबत उडून घालवली. सहा-सात तासांच्या मोहिमा नऊ तासांपर्यंत ताणता येऊ लागल्या. बोर्निओच्या बालिकपापनसारख्या दूरच्या तेलठाण्यांपर्यंत लढाऊ विमानं पोहोचली, त्यात या शिकवणुकीचा मोठा वाटा आहे. मानपत्रात गौरवलेल्या आठ विमानांतली पहिली दोन बाँगने 10 ऑक्टोबरला याच बालिकपापनवर पाडली. लिंडबर्ग यांनी तिथे असताना एक जपानी विमान पाडलं आणि पुष्कळांना त्यांच्याविषयी आठवतं ते तेवढंच. एक विमान पाडणं कुठे आणि संपूर्ण विभागाचा पल्ला वाढवणं कुठे!

दुसरा आक्षेप देशाला नायक लागतात असा. युद्ध लांबत चाललं होतं, घराघरांतून तारा येत होत्या, लोकांना एखादं नाव हवं होतं. पॉप्लरच्या शेतावरचा पोरगा ते नाव झाला. मी हे नाकारत नाही. पण नायक घडवायला आकडाच कशाला हवा? आकडा मुळात विश्वासार्हही नसतो. फेब्रुवारी 1942मध्ये बुच ओ’हेअर यांनी लेक्सिंग्टन या विमानवाहू नौकेवर चालून आलेल्या बाँबर विमानांना जवळजवळ एकट्याने रोखलं. पाच विमानं पाडल्याचं श्रेय मिळालं, मेडल ऑफ ऑनर मिळालं. जपानी नोंदींशी ताडून पाहिल्यावर ती तीन निघतात. यात ओ’हेअर यांनी काही खोटं सांगितलं नव्हतं; काही मिनिटांच्या धुमश्चक्रीत असंच होतं, आणि सगळ्याच देशांच्या हवाई दलांत झालं. नौका वाचली ही गोष्ट पाच असोत वा तीन, तेवढीच मोठी राहते. आणि त्या प्रत्येक ‘एका’त माणसंही होती, बाँबर असेल तर सहा-सात माणसं. यादी करणाऱ्याला ती दिसत नाहीत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो: बाँगला स्वतःलाच लढायचं होतं. त्याने विनंत्या केल्या, आग्रह धरला. शूर माणसाच्या इच्छेपुढे आपण कोण? यावर मला केनी यांच्याच दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवावंसं वाटतं. मेजर टॉमस मॅकग्वायर बाँगच्या मागे एकेक विमानाने धावत होता. 1944च्या नाताळात दोन दिवसांत त्याने सात पाडली आणि आकडा 38वर नेला. केनी यांनीच नंतर सांगितलं आहे की त्यांनी मॅकग्वायरला काही दिवस जमिनीवर बसवलं. बाँग घरी पोहोचून त्याचं अव्वल एस म्हणून स्वागत होईपर्यंत थांब, असं सांगून. म्हणजे माणूस थांबवता येत होता. थांबवायचं कारण मात्र थकवा किंवा शिकवण्याची गरज हे नव्हतं. ते होतं वर्तमानपत्रांतलं स्वागत.

मॅकग्वायर शिक्षक म्हणूनही असामान्य होता. नैऋत्य पॅसिफिकमधल्या हवाई डावपेचांवर त्याने वैमानिकांसाठी पुस्तिका लिहिली. नवख्यांना तो बजावून सांगायचा: पी-38 घेऊन कमी उंचीवर झटापट करू नका, वेग कमी होऊ देऊ नका, इंधनाच्या जादा टाक्या लटकत ठेवून कधीही लढू नका. 7 जानेवारी 1945 रोजी नेग्रोस बेटावर चार लाइटनिंग घेऊन तो निघाला. एक जपानी विमान समोर आलं. त्याने साथीदारांना टाक्या न टाकण्याचा हुकूम दिला, कारण टाक्या टाकल्या की इंधन संपणार, गस्त आटोपती घ्यावी लागणार. मग अगदी खाली, टाक्या लटकत असताना, साथीदाराला वाचवायला त्याने कचकन वळण घेतलं. वेग मेला आणि विमान जमिनीवर आपटलं. जपानी विमान चालवणारा वैमानिक नवशिका नव्हता, हेही सांगायला हवं. तरी आपणच शिकवलेले नियम मॅकग्वायरने मोडले, आणि त्याच्या हातून ते आणखी दोन विमानांच्या ओढीने मोडले गेले असं मला वाटतं. चोवीस वर्षांच्या पोराची इच्छा काय, हे विचारण्याआधी त्याच्यापुढे बक्षीस कसलं ठेवलंय ते विचारायला हवं. व्हिस्कीची पेटी, पदक आणि पहिल्या पानावरचा मथळा हे सगळं आकड्याला होतं. पुस्तिका लिहिण्याला काहीच नव्हतं.

बाँगला अखेर जानेवारी 1945मध्ये कायमचं घरी पाठवलं. 10 फेब्रुवारीला सुपीरियरमध्ये मार्जशी त्याचं लग्न झालं. त्यानंतर त्याला कुठे पाठवावं? प्रशिक्षण तळांची कमतरता नव्हती. त्याची नेमणूक कॅलिफोर्नियात बरबँकला लॉकहीडच्या कारखान्यावर झाली, अमेरिकेचं पहिलं उपयोगात येऊ शकणारं जेट, पी-80, तपासून घेणारा वैमानिक म्हणून. देशाला ही सुरक्षित जागा वाटली असेल. प्रत्यक्षात ते विमान माणसं मारत होतं. ऑक्टोबर 1944मध्ये लॉकहीडचे मुख्य चाचणी वैमानिक मायलो बर्चम इंधनाचा पंप निकामी होऊन मेले. आणीबाणीसाठी नव्याने बसवलेल्या जादा पंपाची माहिती त्यांना दिली गेली नव्हती. 6 ऑगस्ट 1945 रोजी बाँगच्या विमानाचा मुख्य पंप उड्डाण घेताघेताच बिघडला. जादा पंप सुरू करायचा राहिला होता, असं चौकशीत निघालं. त्याने विमानाबाहेर उडी घेतली, पण उंची फार कमी होती. या जेटमधला त्याचा एकूण अनुभव सव्वाचार तासांचा. त्याच दिवशी हिरोशिमावर अणुबाँब पडला आणि दुसऱ्या दिवशीच्या अमेरिकी वर्तमानपत्रांनी दोन्ही बातम्या पहिल्या पानावर छापल्या.

पॅसिफिकमधल्या दोनशेहून अधिक मोहिमांतून वाचलेला माणूस, ज्या यंत्राची त्याला पुरती ओळखही झाली नव्हती त्याने मारला. त्याच्या मृत्यूला युद्धाच्या अखेरच्या दिवसांतली दुर्दैवी योगायोगाची घटना म्हणून लोक हळहळतात. मला त्यात योगायोग कमी आणि सवय जास्त दिसते. पी-38वर बाँगला जे येत होतं ते दुसऱ्या कुणाला नीट येत नव्हतं, आणि तेच त्याच्याकडून मागितलं गेलं नाही. एकदा रोखे विकायला नेलं, एकदा नावापुरतं शिक्षक केलं, एकदा नव्या जेटमध्ये बसवलं. प्रत्येक वेळी त्याचं नाव कामी आलं, ज्ञान बाजूला पडलं.

अमेरिकेला हे कळायला आणखी एक युद्ध लागलं. व्हिएतनामवर नौदलाची लढाऊ विमानं सुरुवातीच्या वर्षांत एक गमावून जेमतेम दोन-अडीच पाडत होती. कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांना कारणं शोधायला सांगितलं गेलं. त्यांच्या अहवालानंतर, 1969च्या मार्चमध्ये, कॅलिफोर्नियातल्या मिरामार तळावर एक छोटी शाळा निघाली. आज ती टॉपगन म्हणून जगाला ठाऊक आहे. तिथल्या पहिल्या शिक्षकांच्या विमानांवर पाडलेल्या शत्रुविमानांच्या रांगा रंगवलेल्या नव्हत्या. शिकवणं हेच तिथे मानाचं पद ठरवलं गेलं आणि उत्तमातले उत्तम वैमानिक तिथे शिक्षक व्हायला धडपडू लागले. 1972मध्ये नौदल एका विमानामागे बाराच्या आसपास पाडू लागलं. हवाई दलाचं प्रमाण त्या काळात दोनाच्या आगेमागेच रेंगाळलं. मग हवाई दलानेही 1975मध्ये नेवाडातल्या नेलिस तळावर ‘रेड फ्लॅग’ हा सराव सुरू केला. त्यामागचा अभ्यास सांगत होता की वैमानिकाची पहिली दहा लढाऊ उड्डाणं सर्वांत धोक्याची असतात. ती निभावली की जगण्याची शक्यता झपाट्याने वाढते. ही दहा उड्डाणं सुखरूप कशी पार करायची, हे 1944च्या ऑक्टोबरात बाँगपेक्षा जास्त ठाऊक असलेली माणसं साऱ्या पॅसिफिकमध्ये फार थोडी होती. आणि त्याच महिन्यात, शिक्षकाच्या पदावर असलेला हा माणूस बालिकपापनवर आणि लेटेवर आपली पुढची पाच विमानं पाडत होता.